वॉरंटीचा बैल

माणसाला धक्का बसण्याचं एक वय असतं आणि ते चाळिशीबरोबर संपतं, अशी माझी बरेच दिवस समजूत होती. त्यानंतर काहीही दिसलं तरी माणूस फार तर भुवया वर करतो आणि चहा मागतो. पण ही समजूत ज्यांना मामेसासरे नाहीत त्यांच्यासाठी खरी आहे. मला आहेत. माझ्या बायकोचे हे सख्खे मामा सिहोऱ्याला राहतात, आणि लग्नाला एवढी वर्षं होऊनही त्यांच्या घरून मी तोंड मिटलेल्या अवस्थेत परत आलोय असं एकदाही झालेलं नाही. मी वरठीला राहतो आणि भंडाऱ्याच्या एका कचेरीत कारकुनी करतो. कशाचंच आश्चर्य वाटू नये असं वळण कारकुनाला नोकरीतच लागतं. ते सगळं वळण मामाजींनी मातीत घातलं.

मामाजी हयातभर बैलबाजारात दलाली करत आले. घरची धानाची शेती आहे, पण ती मामींची. मामाजींचा जीव बाजारात. बैलाचे दात बघायचे, पुठ्ठ्यावर थाप मारायची, चालवून बघायचं, मग खांद्यावरचा दुपट्टा विकणाऱ्याच्या हातावर टाकायचा आणि त्याखाली बोटं दाबून भाव ठरवायचा, म्हणजे भोवतालच्या गर्दीला आकडा कळत नाही. जगात वस्तू पारखण्याची दुसरी काही पद्धत असते हे त्यांना मान्यच नाही. लग्न ठरायच्या वेळी मला बघायला आले तेव्हा त्यांनी शिक्षण विचारलं नाही, पगार विचारला नाही. म्हणाले, "जरा रस्त्यावरून पान घेऊन या." मी गेलो आणि आलो. मग एक विनोद सांगितला. विनोद काही विशेष नव्हता, पण होणारे मामेसासरे म्हणून मी जोरात हसलो. तेव्हा ते माझ्या सासूबाईंकडे वळून म्हणाले, "चाल बरी हाय. दात बी सारे हायेत." माझ्या लग्नाचा निर्णय या एवढ्यावर झाला हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं, आणि तो त्यांनी मला दिलेला सगळ्यात लहान धक्का होता.

पुढे हीच परीक्षा घरातल्या प्रत्येक वस्तूची झाली. मिक्सर घेताना दुकानात तो रिकामाच फिरवून त्याला कान लावून बसले. फ्रिजला खांदा देऊन ढकललं. तो हलला नाही म्हणून खूश झाले आणि वरचा कप्पा थंड होतो का हे विचारायचं राहून गेलं. तो होत नव्हता. आमच्या मेव्हण्याच्या नव्या मोटारसायकलीच्या टाकीवर त्यांनी अशी सणसणीत थाप मारली की तिथे आजही पोचा आहे. मामाजींना बोलून उपयोग नसतो, कारण त्यांना राग येत नाही, फक्त तुमची कीव येते.

पण या सगळ्यापेक्षा मोठा नाद म्हणजे जादा ठेवण्याचा. मामाजींकडे कोणतीही वस्तू एकटी नसते. चष्मे दोन, छत्र्या दोन, पिशवीत चपलांचा जादा जोड. कुठे जेवायला बोलावलं तर निघताना घरी थोडं खाऊन निघतात, न जाणो तिकडे स्वयंपाक बिघडला तर. थोरल्या मुलीच्या लग्नात त्यांनी मांडवाच्या कोपऱ्यात एक दुसरे भटजी बसवून ठेवले होते. पहिल्या भटजींनी विचारलं, हे कोण. मामाजी सरळ म्हणाले, "तुमाले मंधातच काई झालं त." पहिले भटजी पोथी मिटून उठले. त्यांना बसवायला अर्धा मांडव गोळा झाला. दुसरे भटजी मात्र शेवटपर्यंत शांतपणे सुपारी कातरत बसले आणि दक्षिणा घेऊन गेले. नवरदेव तरी त्यांनी एकच ठेवला होता असं आम्ही म्हणतो. मामी म्हणतात, त्याची खात्री देता येत नाही.

या नादाचं मूळ त्यांच्या गोठ्यात होतं. गोठ्यात मामाजींच्या नांगराची जोडी असायची, विकायला आलेली जनावरं असायची आणि याशिवाय कायम एक बैल उभा असायचा. धडधाकट, चांगला खाऊन-पिऊन तयार, पण त्याला ना नांगराला जुंपायचं ना बैलगाडीला. कितीही भाव आला तरी तो विकायचा नाही. सकाळी-संध्याकाळी त्याला गावाबाहेर चालवून आणायचं, बाकी दिवसभर त्यानं रवंथ करायचा. गावानं त्याचं नाव जवाई ठेवलं होतं. हे मला ठाऊक नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा सिहोऱ्याला गेलो, ओसरीवर पाय धूत होतो, आणि आतून मामींचा आवाज आला, "त्या जवायाले दोन पेंढ्या टाका, सकाळपासून नुसता उभा हाय." मी हातातला तांब्या ठेवला आणि बराच वेळ कुणाच्या नजरेला नजर दिली नाही.

तो बैल कशासाठी ते बायकोनं मग सांगितलं. मामाजींनी विकलेला बैल म्हणजे मामाजींचा शब्द. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, आधीच्या चिखलणीत तो बसला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या जागी मामाजींचा बैल दारात हजर. भांडण नाही, चौकशी नाही. पण सुरुवातीला अशी सोय नव्हती. एका वर्षी त्यांनी कोंढ्याला आपल्या सख्ख्या बहिणीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, एक बैल स्वतः पारखून दिला आणि ऐन चिखलात तो बसला तो बसलाच. तेव्हा घरोघर फोन नव्हते. निरोप सिहोऱ्याला पोचायचा, मग बैल शोधायचा, मग तो जिल्ह्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालवत न्यायचा. मामाजी पोचले तोवर पाऊस उघडला होता, रोपं जून झाली होती आणि धानाच्या अर्ध्या बांध्या पडीकच राहिल्या. त्याच वर्षी माझ्या बायकोला भंडाऱ्याला कॉलेजात पाठवायचं ठरलं होतं. ते राहिलं, आणि पुढच्या वर्षी मग माझं स्थळ आलं. ती हे सांगते तेव्हा हवामान सांगितल्यासारखं सांगते. मामाजी त्याबद्दल बोलतच नाहीत. त्यांनी फक्त त्या वर्षापासून गोठ्यात जवाई उभा केला.

आता लॅपटॉपचं सांगतो. आमची मुलगी श्रुती इंजिनिअर झाली आणि तिला स्वतःचा लॅपटॉप घ्यायचं ठरलं, कारण नोकरीच्या परीक्षा हल्ली घरूनच द्यायच्या असतात आणि कॉलेजातून मिळालेला परत करायचा होता. लॅपटॉप कोणता हे तिनं एका संध्याकाळी ठरवलं. घोडं अडलं ते वॉरंटीशी. कंपनीची एक वर्षाची होतीच, पण जादा पैसे भरले तर ती आणखी दोन वर्षं वाढवून मिळत होती. मी पडलो कारकून. 'एक वर्ष' असं वाचलं की मला वर्ष संपल्यानंतरचा पहिला दिवस दिसायला लागतो. मी म्हटलं, घेऊन टाकू. श्रुतीनं इंटरनेटवर वाचलं, तर निम्मे लोक म्हणत होते घ्याच, आणि निम्मे म्हणत होते घेतलीत तर फसलात. आठवडाभर आमच्या घरी दुसरा विषय नव्हता. शेवटी बायको म्हणाली, "मामाला बोलवू. त्याला वस्तू कळते."

मी आणि श्रुतीनं एकमेकांकडे पाहिलं. पण काही बोलायच्या आत तिनं फोन लावला होता.

भंडाऱ्यातलं ते दुकान काचेचं, थंडगार, आणि तिथला मॅनेजर टाय लावलेला, गोरागोमटा, चाळिशीचा गृहस्थ. मामाजी धोतर सावरत आत शिरले आणि त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या. मॅनेजर म्हणाला, काका, चालतं, घाला. मामाजी म्हणाले, "माल पाहाले आलो." मग त्यांनी लॅपटॉप उघडला, मिटला, उघडला, बिजागरीजवळ कान नेला, खालून हात फिरवला आणि पाठीवर थाप मारण्यासाठी हात उचलला. तो श्रुतीनं वरच्या वर धरला. नंतर त्यांनी बटणांवरून एकेक बोट फिरवलं, कुठं हलतंय का बघितलं, आणि मान डोलावली. दात पसंत पडले असावेत.

मग मॅनेजरनं वॉरंटीचा विषय काढला आणि मामाजी खुर्चीत सरळ बसले.

"म्हंजे हा बिघडते काय?"

"नाही नाही काका. आमचा माल बिघडत नाही."

"मंग पैसे कायचे?"

"बिघडलाच, तर."

"म्हंजे बिघडन हे तुमाले मालूम हाय."

"तसं नाही. मशीन आहे शेवटी. मनाची शांती म्हणून लोक घेतात."

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना धक्का बसलेला पाहत होतो. "जवाई," ते म्हणाले, "हा मानूस आपल्याच मालाचा शब्द वेगळ्या पैशानं इकून राहिला." आणि मग, मी काही समजावायच्या आत, त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून मॅनेजरच्या हातावर टाकला आणि खालून त्याचा हात धरला.

पुढचा प्रसंग मी कितीही वेळा आठवला तरी मला घाम येतो. मॅनेजर मुळात नागपूरचा असावा, किंवा कुठलाही असो, बैलबाजारात गेलेला नव्हता. आपला हात या म्हाताऱ्यानं का धरलाय हे त्याला कळेना. मामाजींनी लॅपटॉपचा आपला भाव सांगायला त्याची दोन बोटं दाबली. मॅनेजरनं घाबरून अख्ख्या पंजानं मामाजींचा हात आवळला. मामाजी दचकले. "इतके?" ते म्हणाले. "शरम करा बाप्पा." त्यांनी आणखी एक बोट दाबलं. मॅनेजरला वाटलं म्हाताऱ्याला चक्कर येते आहे, त्यानं दुसऱ्या हातानंही धरलं. आता दोन्ही पंजे म्हटल्यावर बाजाराच्या हिशेबानं भाव दुप्पट झाला होता. मामाजी उठून उभे राहिले. शेजारी मोबाइल बघायला आलेलं एक नवं जोडपं मोबाइल सोडून आमच्याकडे बघू लागलं. श्रुती टीव्हीच्या रांगेमागे लपली होती. मी दुकानातल्या पंख्याच्या किमती वाचत होतो.

शेवटी मॅनेजरनं हात सोडवून घेतला आणि वॉरंटीचं नाव न घेता एक बॅग आणि एक माउस फुकट देऊन टाकला. मामाजी शांत झाले. मला म्हणाले, "ते वारंटीगिरंटी घेऊ नका. रोवणीत बैल बसला अन कंपनीचा मानूस पंधरा दिवसानं आला, त त्याले काय चिखल दाखवता?" हे ठीक होतं. निर्णय झाला, विषय संपला, असं वाटून मी पैसे देण्यासाठी उठलो. तेवढ्यात मामाजी मॅनेजरला म्हणाले, "आता याची जोडी दाखवा."

मॅनेजरला कळेना. मला कळेना. मामाजींना तसाच, त्याच रंगाचा, त्याच बनावटीचा आणखी एक लॅपटॉप पाहिजे होता. उन्हाळी धानाचे पैसे नुकतेच हातात आले होते. ते त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून काढले आणि काचेवर ठेवले. वॉरंटीला नको म्हणणाऱ्या माणसानं त्याच जागी उभं राहून वॉरंटीच्या कितीतरी पट रक्कम एका अशा यंत्रावर घातली, जे त्यांना सुरूसुद्धा करता येत नव्हतं. मी म्हटलं, "मामाजी, तुम्हाला कशाला?" ते म्हणाले, "असू द्या." श्रुतीनं विचारलं, "आबाजी, तुम्ही काय करणार याचं?" ते म्हणाले, "असू दे बाई." बायकोनं मात्र काहीच विचारलं नाही. ती बाहेर रिक्षा बघत होती.

सगळ्या सोयऱ्यांमध्ये ही बातमी पसरली. कुणी म्हणालं म्हातारपणी हौस आली, कुणी म्हणालं एकटा बैल घ्यायची सवय नाही म्हणून जोडी घेतली. मीही तेच म्हणत होतो, आणि जरा जास्तच रंगवून म्हणत होतो. त्या आधीच्या हिवाळ्यात गोठ्यातला शेवटचा जवाई म्हातारा होऊन गेला होता. मामाजींनी दुसरा आणला नाही. कुणासाठी आणायचा? चिखलणी ट्रॅक्टर करतो, बाजारात बैल कमी आणि बघे जास्त. मामाजींनी विकलेली जनावरं जिल्ह्यात आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली होती. गोठ्यातली ती जागा रिकामी होती आणि घरात लॅपटॉप आला होता. मामी म्हणाल्या, "चला, ह्यो जवाई चारा खात नाई, नुसता करंट खाते."

पोळ्याला आम्ही सिहोऱ्याला गेलो आणि मला पुढचा धक्का बसला. मामाजींच्या जोडीला झूल होती, शिंगांना बेगड होती, आणि पलीकडे जिथे जवाई उभा असायचा तिथे एका पाटावर लॅपटॉप ठेवला होता. त्याला कुंकू लावलं होतं, वर झेंडूचा हार होता, समोर पुरणपोळीचा नैवेद्य होता. मी ग्रामपंचायतीजवळ ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या बाईंकडून आणखी ऐकलं. मामाजी दर मंगळवारी तो लॅपटॉप दुपट्ट्यात गुंडाळून त्यांच्या दुकानी नेत. बाईंनी तो चार्ज करायचा, सुरू करायचा, नेट जोडायचं, अपडेट वगैरे तो म्हणेल ते सगळं त्याला करू द्यायचं. तोवर मामाजी समोरच्या बाकावर बसत. काही बघायचं आहे का, व्हिडिओ लावू का, असं बाईंनी विचारलं की नको म्हणत. "चालवून आनतो फक्त," म्हणत. "नुसता उभा रायला का पाय आखडतात." बाई हसून हसून सांगत होत्या, आणि मीही पोट धरून हसलो. खरं सांगायचं तर मला त्यात काहीही दिसलं नाही.

वर्ष सरलं. श्रुतीच्या लॅपटॉपची कंपनीची वॉरंटी संपली, आणि मी ज्या दिवसाची धास्ती घेतली होती तो दिवस पुढच्या आषाढातल्या एका रविवारी उजाडला. सोमवारी सकाळी तिची परीक्षा होती. पुण्याच्या एका कंपनीत शंभर जणांमधून ती इथवर आली होती. घरी बसून, कॅमेऱ्यासमोर, ठरल्या वेळी पेपर द्यायचा. वेळ चुकली तर दुसरी संधी नाही, असं त्यांनी स्वच्छ कळवलं होतं. रविवारी दुपारी लॅपटॉपची स्क्रीन एकदा लुकलुकली आणि काळी झाली ती कायमची. श्रुतीनं सगळे उपाय केले. मी दुरुस्तीवाल्याकडे धावलो, त्याला कुलूप होतं. कंपनीच्या नंबरवर एक रेकॉर्ड केलेला आवाज पुनःपुन्हा आमचे आभार मानत होता. ओळखीच्यांकडे विचारलं, तर कुणाचा लॅपटॉप ऑफिसचा, त्यात परीक्षेचं सॉफ्टवेअर टाकता येत नाही, कुणाचा कॅमेरा बंद. श्रुती देवघरासमोर जमिनीवर बसली होती. ती रडत नव्हती, आणि मला तेच बघवत नव्हतं. मला मामाजींचा संताप आला. वॉरंटी घेऊ नका म्हणणारा तो माणूस या घडीला सिहोऱ्याला निवांत असेल, असं मी मोठ्यानं म्हणालो.

बायको तोवर फोनवर होती. "मामा," ती म्हणाली, "श्रुतीचा लॅपटॉप गेला. उद्या परीक्षा आहे." तिकडून एवढंच आलं, "केवढ्या वाजता?" तिनं वेळ सांगितली आणि फोन बंद झाला.

दिवेलागणीला आमच्या दारात मोटारसायकल थांबली. मामाजींना त्यांच्या गावचा कुणीतरी सोडायला आला होता. अंगावर पाऊस, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं. रोवणी चालू होती आणि ते बांधीतूनच उठून निघाले होते. त्यांनी बंडी वर केली. पोटाशी दुपट्ट्यानं घट्ट बांधलेलं, त्याभोवती खताच्या दोन पिशव्या गुंडाळलेल्या, आणि आत कोरडा ठणठणीत लॅपटॉप. त्यांनी तो श्रुतीच्या हातात दिला. म्हणाले, "मंगळवारीच चालवून आनला. तयार हाय."

वर्षभर मी ज्याच्यावर हसत होतो ते काय होतं हे मला तेव्हा कळलं, आणि कारकुनाला हिशेब सुचायच्या आधी रडू आलं. हिशेबानं बघितलं तर हा शुद्ध वेडेपणा होता. वॉरंटी घेतली असती तर कितीतरी स्वस्तात काम झालं असतं, फक्त सोमवारी सकाळी झालं नसतं. श्रुतीनं लॅपटॉप उघडला. पासवर्ड काय म्हणून विचारलं तर मामाजी म्हणाले, "ढोराच्या कोठ्याले कोन कुलूप लावते?" स्क्रीनवर फोटो उजळला, तो शेवटच्या जवायाचा होता, पोळ्याची झूल घातलेला. दर मंगळवारच्या फेरीमुळे आतलं सगळं ताजं होतं, कशासाठीही थांबावं लागलं नाही. परीक्षेचं सॉफ्टवेअर चढलं, कॅमेरा लागला, श्रुतीचा चेहरा स्क्रीनवर आला. "आबाजी," ती म्हणाली आणि त्यांच्याकडे वळली.

मामाजींनी तिच्या डोक्यावर चिखलाचा हात ठेवला. "तुह्या मायच्या येळी मी उशिरा पोचलो होतो, बाई," ते म्हणाले.

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. मी त्या दिशेला बघितलं नाही. एवढ्या वर्षांत आमच्या घरात कुणी ते वाक्य बोललं नव्हतं, आणि बायको बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिनं मामासाठी गरम पाणी काढलं होतं आणि त्यांना पाय धुवायला लावले.

दुसऱ्या दिवशी मामाजी गेले नाहीत. दिलेला बैल नांगराचं पहिलं तास नीट ओढतो का हे बघितल्याशिवाय जायचं नसतं. श्रुतीच्या खोलीत कुणी जायचं नव्हतं आणि आवाजही चालणार नव्हता. आमच्या गल्लीतून पोलाद कारखान्याच्या लोकांचा रस्ता जातो आणि पाळी सुटली की मोटारसायकलींचा लोंढा येतो. पेपर सुरू असताना तो आला. मी खिडकीतून बघतो तर मामाजी गल्लीच्या तोंडाशी रस्त्याच्या मधोमध दुपट्टा पसरून उभे. "पोरगी पेपर देऊन राहिली," ते एकेकाला सांगत होते, "गाडी बंद करा, ढकलत न्या." मला वाटलं, आता हे लोक म्हाताऱ्याला काही बोलतात की काय. पण दमून आलेली ती माणसं एकामागून एक उतरली, इंजिनं बंद केली आणि गाड्या हातानं ढकलत आमच्या दारावरून गेली. एकानं जाता जाता खालच्या आवाजात विचारलं, "इंग्लिशचा हाय का गणिताचा?"

श्रुतीला नोकरी लागली. जुना लॅपटॉप मी दुरुस्तीला नेला, तर मुख्य भागच गेलेला, दुरुस्तीपेक्षा नवा परवडेल म्हणाले. दुकानात जुना देऊन नव्यावर सूट घ्यायची योजना होती. मामाजींनी तो माझ्या हातातून काढून घेतला. "थकला म्हनून इकते काय कोनी?" म्हणाले. त्यांनी तो सिहोऱ्याला नेला.

यंदाच्या पोळ्याला श्रुती पुण्याहून आली आणि आम्ही सगळे सिहोऱ्याला गेलो. गोठ्यात आता जोडीही नाही. पाटावर तो बंद पडलेला लॅपटॉप होता, कुंकू लावलेला. श्रुतीनं मामाजींचा लॅपटॉप परत आणला होता. तिला कंपनीनं स्वतःचा दिला होता. मामाजींनी विचारलं, "अन तो बिघडला त?" ती म्हणाली, "त्याच दिवशी दुसरा मिळतो, आबाजी. ऑफिसात जादाचे ठेवलेलेच असतात." मामाजी तिच्याकडे बघत राहिले. "उभे ठेवते कंपनी?" ती हो म्हणाली. "मंग चांगलं हाय," ते म्हणाले, आणि लॅपटॉप घेऊन ओसरीच्या कोपऱ्यात जाऊन बसले. त्यांना आनंद झाला होता हे नक्की. पण बसताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला. तो ते पूर्वी घेत नसत.

मला राहवलं नाही. मी शेजारी जाऊन बसलो. म्हटलं, "मामाजी, मी रिटायर होतोय. मला लागेल लॅपटॉप. भाव सांगा." त्यांनी दुपट्टा काढला, माझ्या हातावर टाकला, आणि खालून हात धरला. मी बोटं दाबण्याची वाट बघत होतो. त्यांनी एकही बोट दाबलं नाही. अंगणात पोरं लाकडी नंदीबैल फिरवत होती, मामी आतून जेवायला हाक मारत होत्या, आणि आम्ही दोघं तसेच बसून होतो.

"हा इकाचा नाई, जवाई," ते म्हणाले. "तुमचाच हाय. कवाबी बोलवा. आता उशीर नाई होत."

मी हो म्हटलं. दुपट्ट्याखाली त्यांच्या तळव्याचे घट्टे तेवढेच लागत होते, पण हात फार हलका झाला होता.